भाला सर्वांत शेवटी: बडोद्यात राहून फ्रीडायव्हिंग आणि जबाबदार भाला-मासेमारी शिकताना

एका श्वासावर पाण्याखाली जाऊन (यालाच फ्रीडायव्हिंग म्हणतात), मासा नीट ओळखून, जेवढा खायचा तेवढाच भाल्याने मारणे ही कला मी बडोद्यात राहून शिकलो आणि तिला मला जवळजवळ तीन वर्षे लागली. त्यांतले पहिले वर्ष चुकीच्या क्रमात गेले, कारण मी अभ्यासक्रमाच्या आधी स्पिअरगन, म्हणजे भाला झाडणारी बंदूक, विकत घेतली होती. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात किंवा मांजलपुरात राहणाऱ्या ज्या मराठी तरुणांना हे शिकायचे आहे, त्यांनी माझे ते वर्ष वाचवावे म्हणून हे लिहीत आहे. समुद्र आपल्या दारात नाही ही अडचण वाटते, परंतु योग्य क्रमाने शिकायचे ठरवले तर तिचा उपयोगच होतो: दम, कान आणि जोडीदार यांची तयारी शहरात करता येते आणि भाल्याची वेळ आपोआप शेवटी येते. जुम्मादादा व्यायाम मंदिराची परंपरा असलेल्या आपल्या शहरात, शस्त्र हातात देण्यापूर्वी उस्ताद शरीर घडवून घेतात हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

१. कुठे उतरायचे नाही, हे आधी ठरवा

विश्वामित्रीत मगरी आहेत हे प्रत्येक बडोदेकराला माहीत असते, तरीही आजव्याच्या सरोवरात पहाटे सराव करता येईल का असे मला अनेकांनी विचारले आहे. तेथेही मगरी आहेत आणि ते शहराच्या पिण्याच्या पाण्याचे सरोवर आहे, त्यामुळे तो विचार सोडून द्यावा. महीचे आणि चांदोदजवळचे नर्मदेचे पात्र वरून शांत दिसते, पण प्रवाह, खोल डोह आणि गढूळ पाणी यांमुळे तेथे जोडीदाराला तुम्ही दिसणार नाही, आणि जोडीदाराला न दिसणारा पाणबुड्या एकटाच असतो.

नकाशावर सर्वांत जवळचा समुद्र खंबातच्या आखाताचा आहे. कावी-कंबोईचे स्तंभेश्वर महादेवाचे मंदिर भरतीला पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा उघडे पडते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्या आखातात भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी १० मीटरपेक्षा अधिक होतो, पाणी चिखलाने भरलेले असते आणि प्रवाह पोहणाऱ्याच्या ताकदीपलीकडचा असतो. तेथे फ्रीडायव्हिंग करता येत नाही. कच्छच्या आखातात प्रवाळ आणि मासे आहेत, परंतु जामनगरलगतचा मोठा भाग १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तेथे भाला नेणे हा वन्यजीव कायद्याखालील गुन्हा ठरतो.

२. डॉक्टरांकडे जाऊन या

डायव्हिंगच्या संस्था एक वैद्यकीय प्रश्नावली देतात. ती प्रामाणिकपणे भरून कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि तुमचे नेहमीचे डॉक्टर या दोघांना दाखवा. दमा, अपस्मार, हृदयाचे विकार, कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया किंवा वारंवार होणारा सायनसचा त्रास असेल तर डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय पुढे जाऊ नका. सर्दी झालेली असताना नाक मोकळे करणारी गोळी घेऊन बुडी मारण्याचा मोह अनेकांना होतो. औषधाचा असर खाली असतानाच उतरला, तर वर येताना हवा कानात अडकते आणि पडद्याला इजा होते.

३. शरीरात काय घडते, ते समजून घेतल्याशिवाय दम रोखू नका

या लेखातला हा भाग सर्वांत लांब आहे, कारण जीव जातो तो इथल्या अज्ञानामुळे.

श्वास घेण्याची ओढ आपल्याला प्रामुख्याने ऑक्सिजन कमी झाल्यामुळे होत नाही, ती रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेतले तर रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण तो आधीच जवळजवळ पूर्ण भरलेला असतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच धोक्याची घंटा वाजवणारा वायू. घंटा उशिरा वाजते आणि ती वाजण्यापूर्वीच माणूस बेशुद्ध होऊ शकतो. आपल्याकडे प्राणायामाची सवय असलेले अनेक जण कपालभाती किंवा भस्त्रिका करून पाण्यात उतरतात आणि त्यामुळे दम वाढला असे त्यांना वाटते. वाढतो तो फक्त धोका. पाण्यात उतरण्यापूर्वी हे दोन्ही प्रकार पूर्णपणे वर्ज्य समजा. शांत, नेहमीच्या गतीचा, पोटाने घेतलेला श्वास आणि शेवटी एक पूर्ण श्वास, एवढेच करावे.

दुसरी गोष्ट दाबाची. पृष्ठभागावर १ वातावरण इतका दाब असतो, १० मीटरवर तो २ आणि २० मीटरवर ३ होतो. समजा, १० मीटरवर फुफ्फुसातल्या हवेत ८ टक्के ऑक्सिजन उरला आहे. दाब दुप्पट असल्यामुळे शरीराला तो पृष्ठभागावरच्या १६ टक्क्यांसारखा मिळतो आणि तुम्हाला अगदी बरे वाटते. तुम्ही वर येऊ लागता, दाब निम्मा होतो आणि तोच ऑक्सिजन आता खरोखर ८ टक्क्यांचे काम करतो, जे मेंदूला पुरत नाही. म्हणूनच बहुतेक बेशुद्धी तळाशी येत नाही, ती शेवटच्या १० मीटरमध्ये किंवा पृष्ठभागावर आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात येते. खाली बरे वाटत होते, ही खूण विश्वास ठेवण्यासारखी नाही.

माझ्या बाबतीत हे एकदा घडले. सुमारे १४ मीटरवर एक मोठा तांबुसा दिसला होता आणि उत्साहाच्या भरात मी पृष्ठभागावर सहा-सात श्वास भराभर घेऊन पुन्हा खाली गेलो. वर आल्यावर मला वाटले की मी जोडीदाराला ठीक असल्याची खूण केली. त्याने नंतर सांगितले की माझी मान थरथरत होती, ओठ निळे पडले होते आणि खूण मी केलीच नव्हती. त्याने माझी हनुवटी पाण्याबाहेर धरून ठेवली नसती तर हा लेख लिहिला गेला नसता. ते काही सेकंद मला आजही आठवत नाहीत.

तिसरी गोष्ट कानांची. पहिल्या १० मीटरमध्ये हवेचे आकारमान निम्मे होते, त्यामुळे कान मोकळे करण्याची सर्वांत जास्त गरज वरच्या थरातच असते. दुखण्यापूर्वी, दर मीटरला एकदा, हळुवारपणे ते करावे. नाक दाबून छातीने जोर लावण्याची नेहमीची पद्धत डोके खाली असताना नीट चालत नाही. जिभेचा मागचा भाग वर दाबून हवा ढकलण्याची फ्रेंझेल नावाची पद्धत शिकावी लागते. ती घरी आरशासमोर बसून शिकता येते, आणि मला ती साधायला दोन महिने लागले.

४. शहरातला सराव

घरचा सराव कोरड्यावर, बसून किंवा चालताना करा. पाण्यातला सराव कधीही एकट्याने करू नका, मग ते पाणी गळ्याइतके का असेना. तरणतलावात दम रोखून बेशुद्ध पडलेला माणूस शांतपणे तळाशी जातो, धडपड करत नाही, आवाज करत नाही, आणि गर्दीत ते कुणाच्या लक्षात येत नाही. मे महिन्यात शहरातले तरणतलाव मुलांनी भरलेले असतात, तेव्हा असा सराव करूच नये. हिवाळ्यातली सकाळची वेळ निवडा, व्यवस्थापकांची परवानगी घ्या आणि जीवरक्षकाला तुम्ही काय करणार आहात हे आधी सांगा. अनेक तलावांवर दम रोखण्यास मनाई असते आणि ती मनाई योग्य कारणासाठी असते. तिथे साधे पोहणे, फिन्स लावून पाय मारण्याची लय आणि स्नॉर्कलमधले (पृष्ठभागावर श्वास घेण्याच्या नळीतले) पाणी काढणे एवढेच करा.

जोडीदाराचा नियम आत्ताच अंगी बाणवा: एक खाली, तर दुसरा वर, डोळे खालच्यावर. जोडीदार वर आल्यानंतर किमान ३० सेकंद त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहायचे. दोन बुड्यांमध्ये बुडीच्या वेळेच्या किमान दुप्पट विश्रांती घ्यायची, आणि खोली वाढली की त्याहून अधिक. बेशुद्ध जोडीदाराचा चेहरा पाण्याबाहेर काढणे, मास्क काढणे, गालावर फुंकर मारणे, थोपटणे, नावाने हाक मारणे आणि तरीही श्वास सुरू झाला नाही तर तोंडाने श्वास देणे हा क्रम हातांना पाठ झाला पाहिजे. बेशुद्धी आली, अगदी क्षणभर जरी, तरी त्या दिवसाचे पाणी संपले. डॉक्टरांना दाखवावे.

५. शिक्षक आणि अभ्यासक्रम

आयडा, एसएसआय, पॅडी या आंतरराष्ट्रीय संस्थांचे फ्रीडायव्हिंगचे पहिल्या पातळीचे अभ्यासक्रम दोन-तीन दिवसांचे असतात आणि त्यांत साधारण १० ते २० मीटरपर्यंतची बुडी, बचाव आणि सिद्धान्त शिकवला जातो. अंदमान, गोवा आणि पुद्दुचेरी येथे डायव्हिंगच्या शाळा आहेत. परदेशात जाणे शक्य असेल तर बालीतील आमेद हे गाव फ्रीडायव्हिंगच्या शाळांसाठी ओळखले जाते.

इथला मोठा सापळा असा आहे की स्कूबाचा प्रशिक्षक फ्रीडायव्हिंग शिकवू शकतो, असे गृहीत धरले जाते. या दोन वेगळ्या विद्या आहेत. टाकीतली हवा घेणाऱ्याला श्वास कधीही रोखू नका असे शिकवले जाते आणि इथे सगळा खेळ रोखलेल्या श्वासाचाच आहे. शिक्षकाचा फ्रीडायव्हिंगचा प्रमाणपत्र क्रमांक मागा आणि तो संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर तपासा. किनाऱ्यावरच्या एका शाळेने मला बचावाचा सराव न घेताच प्रमाणपत्र देऊ केले होते. मी पैसे सोडून परत आलो आणि पुढच्या हिवाळ्यात दुसरीकडे पुन्हा सुरुवात केली. एकाच दिवशी स्कूबा करून नंतर फ्रीडायव्हिंग करू नये, हेही लक्षात असू द्या. मधे पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा.

पश्चिम किनाऱ्यावर पाणी साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून मेपर्यंत डायव्हिंगजोगे असते. मालवणकडे गेलात तर तिथल्या तांडेलांकडून (नावेच्या म्होरक्यांकडून) उधाण आणि भांग हे दोन शब्द शिकून घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोराचा आणि पाणी ढवळलेले असते, अष्टमीच्या आसपास भांगाला ते तुलनेने शांत असते. पंचांग पाहून रजा टाकण्याची सवय मला तिथेच लागली.

६. साहित्य

सगळे एकदम घेऊ नका. पहिल्या वर्षी पुढील गोष्टी पुरतात:

कमी हवा मावणारा मास्क, ज्यात नाक चिमटीत धरता येते.
साधा, झडप नसलेला स्नॉर्कल. खाली जाताना तो तोंडातून काढावा.
लांब पात्याचे फिन्स. सुरुवातीला प्लास्टिकचेच घ्यावेत, महागडे कार्बनचे नकोत.
रबरी वेट बेल्ट, एका हाताने झटक्यात सुटणारा.
तरंगता बोया, दोरी आणि लाल कापडावर पांढरा तिरका पट्टा असलेला झेंडा.
दोरी किंवा जाळे कापण्यासाठी हाताला पटकन लागेल असा लहान चाकू.

वजनाबद्दल थोडे अधिक. नवखे लोक खाली जाणे सोपे व्हावे म्हणून जास्त वजन बांधतात. कसोटी अशी आहे की पृष्ठभागावर श्वास सहज सोडून दिल्यावरही तुम्ही तरंगत राहिले पाहिजे आणि तरंगण्या-बुडण्याचा समतोल सुमारे १० मीटरवर किंवा त्याखाली साधला गेला पाहिजे. वर आल्यावर बेशुद्ध पडलात तर तुम्ही तरंगणार की बुडणार, हे त्या एखाद्या किलो शिशावर ठरते.

चाकू, भाला आणि भाल्याची टोके विमानात हातातल्या सामानात चालत नाहीत. ती कठीण नळीत बंद करून तपासणीच्या सामानात द्यावीत.

७. कायदा आणि कागदपत्रे

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्यांच्या अखत्यारीत येते आणि प्रत्येक राज्याचे नियम स्वतंत्र आहेत. गोव्यात एखाद्याने चालते म्हणून सांगितलेली गोष्ट कर्नाटकात किंवा अंदमानात चालेलच असे नाही. जिथे जाणार तिथल्या मत्स्यव्यवसाय विभागाला ठिकाण, तारीख आणि साधन लिहून अर्ज करा आणि लेखी उत्तर हातात आल्याशिवाय भाला बांधू नका. नाववाल्याने दिलेला तोंडी होकार ही परवानगी नव्हे. पश्चिम किनाऱ्यावर साधारणपणे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ आहे, तेव्हा तुम्ही यांत्रिक नौकेतून जात नसलात तरी हा काळ पाळावा.

संरक्षित क्षेत्रांची यादी जवळ ठेवा. जामनगरचे सागरी उद्यान वर आलेच. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, अंदमानात वंडूरचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आणि राणी झांशी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो.

सोबत ठेवायची कागदपत्रे: ओळखपत्र, डॉक्टरांची सही असलेली वैद्यकीय प्रश्नावली, फ्रीडायव्हिंगचे प्रमाणपत्र, डायव्हिंगचा अपघात स्पष्टपणे समाविष्ट असलेला विमा आणि मत्स्यव्यवसाय विभागाचे पत्र. विम्याच्या कागदावर साहसी खेळ वगळलेले असतात, म्हणून बारीक अक्षरातला मजकूर आधी वाचा.

८. आता भाला

अभ्यासक्रम झाल्यावर एक पूर्ण हंगाम भाल्याविना समुद्रात घालवा. मासे पाहा, ओळखा, त्यांच्याजवळ किती सावकाश जावे लागते ते शिका. हाताने ताणायच्या साध्या पोल स्पिअरने सुरुवात करावी, कारण त्याचा पल्ला लहान असतो आणि त्यामुळे जवळ जाण्याची शिस्त लागते. स्पिअरगनचा सराव वाळूच्या तळावर ठेवलेल्या फोमच्या तुकड्यावर करा.

काही नियमांना अपवाद नाही. गन पाण्याबाहेर कधीही ताणायची नाही, नावेत कधीही ताणलेली आणायची नाही, ताणलेली असो वा नसो तिचे टोक माणसाकडे वळवायचे नाही. दोघांत एकच गन ताणलेली असावी आणि ती खाली जाणाऱ्याकडे असावी. दिसते त्या अंतरापेक्षा पल्ला मोठा असेल तर झाडायचे नाही, कारण गढूळ पाण्याच्या पलीकडे कोण आहे हे तुम्हाला ठाऊक नसते. मारलेला मासा कपारीत अडकला तर त्याच श्वासावर ओढाताण करू नका. दोरी सोडा, वर या, विश्रांती घ्या. भाला आणि मासा दोन्ही गेले तरी चालतील.

९. कोणता मासा, आणि कोणता नाही

गळाला आणि जाळ्याला निवड करता येत नाही, भाल्याला येते. हेच त्याचे एकमेव नैतिक समर्थन आहे असे मी मानतो, आणि न ओळखलेल्या माशावर भाला सोडणाऱ्याने ते समर्थन गमावलेले असते.

हेकरू (ग्रूपर) सावकाश वाढतो आणि त्याच्या बहुतेक जातींत मासे आधी मादी असतात व मोठे झाल्यावर काही नर होतात. म्हणजे खडकावरचा सर्वांत मोठा हेकरू मारला तर त्या जागेचा नरच जाण्याची शक्यता असते. प्रवाळातले पोपट मासेही असेच लिंग बदलतात, शिवाय ते प्रवाळावरचे शेवाळ खाऊन त्याला जगवतात. या दोघांना मी मारत नाही. नवख्याने मोकळ्या पाण्यात फिरणाऱ्या आणि लवकर वाढणाऱ्या माशांकडे पाहावे, सुरमई त्यांतलीच, पण त्यांतही लहान पिल्ले सोडावीत. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली आहे. ती यादी छापून, प्लास्टिकमध्ये घालून बोयाला बांधावी. पोटाखाली अंडी असलेल्या शेवंडीला (लॉबस्टरला) हात लावू नये. रात्री झोपलेल्या माशावर बॅटरीच्या उजेडात भाला चालवू नये.

समुद्रघोडे, समुद्री काकड्या, प्रवाळ आणि महाकाय हेकरू वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. व्हेल शार्कला २००१ मध्ये संरक्षण मिळाले. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याला लोक प्रेमाने व्हाली म्हणतात आणि जाळ्यात आलेल्या व्हालीला सोडण्यासाठी तिथले मच्छीमार स्वतःची जाळी कापतात. ज्यांचे पोट त्या जाळ्यावर आहे ते एवढे करतात, हे छंद म्हणून पाण्यात उतरणाऱ्याने विसरू नये. नाव जिथून सुटते त्या गावात आधी जाऊन मच्छीमारांना भेटा, त्यांच्या जाळ्यांच्या जागा विचारून घ्या आणि पकडलेला मासा विकू नका.

सिंहमासा, दगडमासा आणि पाकट यांचे काटे विषारी असतात. काटा लागल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंशांपर्यंत, बुडवून ठेवावा आणि दवाखान्यात जावे. मोठ्या प्रवाळवासी शिकारी माशांत सिग्वाटेरा नावाचे विष साठू शकते आणि ते शिजवल्याने जात नाही, म्हणून फार मोठा मासा सोडणे तब्येतीलाही हिताचे आहे.

१०. मासा हातात आल्यावर

मासा दोरीला लटकवून तडफडू देऊ नका. कल्ल्यांत बोटे घालून घट्ट धरा आणि डोळ्यांच्या किंचित मागे, वरच्या बाजूने चाकूचे टोक मेंदूत घाला. तो लगेच शांत होतो. नंतर कल्ले कापून रक्त काढा आणि बर्फात ठेवा. हा सराव बाजारातून आणलेल्या माशावर आधी करून पाहावा, म्हणजे पाण्यात हात चुकत नाही.

त्याच संध्याकाळी वहीत नोंद करा: ठिकाण, तिथी, पाण्याची दृश्यता, सर्वांत खोल बुडी, दोन बुड्यांमधली विश्रांती, जोडीदाराचे नाव, माशाची जात आणि लांबी, तसेच ज्या माशावर भाला सोडला नाही त्याचे कारण. बडोद्याला परतल्यावर सगळे साहित्य गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. गनचे रबरी बँड गच्चीवरच्या उन्हात एक उन्हाळा राहिले तर पुढच्या हंगामात ताणतानाच तुटतात, म्हणून ते सोडवून, कोरडे करून, कपाटातल्या डब्यात ठेवा.